रस्त्याचे डावे-उजवे

आपल्या मंडळास यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप घेऊन चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, "मी पडले इतिहास शिकविणारी. राजेरजवाडे आणि लढाया यांखेरीज मला काय येते?" त्यावर त्या म्हणाल्या, "मग आम्हां बायकांच्या उपयोगी पडेल असा इतिहास लिहा." उपयोगी पडेल असा इतिहास! हे शब्द दोन दिवस डोक्यात घोळत राहिले, आणि मला एका दवाखान्यातील खाट आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच मंडळातील एक भगिनी दिवेलागणीच्या वेळी शेतातून घरी परतत होती. डोक्यावर गवताचा भारा होता. मागून आलेल्या जीपने तिला उडविले. जीव वाचला, पण मांडीच्या हाडात सळई घालावी लागली, आणि आजही ती पाय ओढीत चालते. मी भेटावयास गेले तेव्हा सहज विचारले, "अगं, तू रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालली होतीस?" ती क्षीण हसून म्हणाली, "बाई, तुम्हीच तर शाळेत शिकवलं होतं, डाव्या अंगानं चालावं म्हणून."

ती माझी विद्यार्थिनी. मी तिला ते खरोखरच शिकविले होते. 'रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला' हे वाक्य मी स्वतः लहानपणी घोकले आणि पुढे शेकडो मुलींकडून घोकून घेतले. ते कोणी ठरविले, कधी ठरविले आणि कोणासाठी ठरविले, हे मात्र मी कधी विचारले नाही. इतिहासाच्या शिक्षिकेला ही गोष्ट भूषणावह नव्हे. म्हणून मी शोध घेऊ लागले. त्यातून हाती लागले ते भगिनींपुढे ठेविते.

प्रथम एक मौज पाहा. आपल्या भाषेत सारा मान उजव्याला आहे. नवी सून माप ओलांडते ती उजव्या पावलाने. प्रसाद घ्यावयाचा तो उजव्या हातात. एखादी गोष्ट सरस ठरली तर ती 'उजवी', आणि एखाद्याला बाजूस सारले तर त्याला 'डावलले'. मुलांत वा सुनांत भेद करणाऱ्या बाईस आपण 'डावे-उजवे करते' असे म्हणतो. असे असताना रस्त्यावर मात्र आपण डाव्याला पसंती दिली! जगाकडे पाहावे, तर सुमारे एक तृतीयांश माणसे डावीकडून वाहने हाकणाऱ्या देशांत राहतात आणि बाकीची उजवीकडून हाकणाऱ्या. आपल्या शेजारचे नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि पाकिस्तान डावीकडचे. पण पाकिस्तानातून अफगाणिस्तानात पाऊल टाकले की वाहन उजवीकडे न्यावे लागते. जपान डावीकडचा, तर चीन उजवीकडचा.

याची कारणे विचारली तर नाना कथा ऐकू येतात. आमच्या एका वयस्क भगिनीने मला सांगितले की, हे सारे प्रदक्षिणेवरून आले. देवाला प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताशी राहतो, आणि चौकातील पुतळ्याला वळसा घालताना आपली वाहनेही नेमकी तशीच फिरतात! निरीक्षण सुरेख आहे. पण ब्रिटनमध्येही वाहने चौकाला असाच वळसा घालतात, आणि तेथे काही आपल्या प्रदक्षिणेचे शास्त्र पोहोचलेले नव्हते. तेव्हा हा योगायोग समजावा.

दुसरी कथा तलवारीची. बहुतेक माणसे उजव्या हाताची. घोडेस्वार तलवार उजव्या हाताने उपसणार. म्हणून समोरून येणारा अनोळखी माणूस आपल्या उजव्या हाताशी असावा, या हेतूने स्वार डावीकडून चालू लागले, असे सांगतात. हे पटण्याजोगे आहे. पण तलवारी काय एकट्या इंग्लंडात होत्या? फ्रान्सचे स्वारही उजव्याच हाताने लढत होते, आणि तो देश तर उजवीकडून चालतो. तिसरी कथा नेपोलियनची : त्याने जिंकलेल्या मुलुखांत उजवी बाजू लादली, म्हणून त्याच्या शत्रूंनी डावी धरून ठेविली. युरोपातील काही देशांपुरते यात तथ्य असेलही. परंतु अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांताने आपल्या एका नव्या हमरस्त्यासाठी उजवीकडून जाण्याचा नियम १७९२ साली केला. त्या वेळी नेपोलियन हा फ्रान्सच्या फौजेतील एक तरुण अधिकारी होता. त्याचे नाव अमेरिकेत कोण जाणणार!

तलवारीपेक्षा मला चाबकाचे कारण अधिक पटते. अमेरिकेत मालाचे मोठमोठे गाडे चार-सहा घोडे ओढीत. हाकणारा गाड्यावर न बसता डाव्या रांगेतील मागच्या घोड्यावर बसे किंवा गाड्याच्या डाव्या बाजूने चाले, म्हणजे उजव्या हातातील चाबूक साऱ्या घोड्यांवर फिरविता येई. समोरून दुसरा गाडा आला की चाकाला चाक घासू नये म्हणून त्याला तो आपल्या डाव्या हाताशी हवा असे; अर्थात स्वतः उजवीकडे राहणे त्याच्या सोयीचे. इंग्लंडात गाडीवान बैठकीच्या उजव्या टोकाला बसे. त्याला समोरची गाडी उजवीकडून गेलेली बरी दिसे, म्हणून तो डावीकडे राही. सारांश, हाकणारा जेथे बसे तेथून त्याला चाक दिसावे, एवढीच ही गोष्ट. यात धर्म नाही आणि शुभाशुभही नाही. इंग्लंडात या चालीला देशाच्या कायद्याचे रूप आले ते १८३५ साली. आपल्या जिल्ह्यातील असई गावी १८०३ च्या सप्टेंबरात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढाई केली, तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशातही असा कायदा झालेला नव्हता.

आणि आपल्याकडे? आमच्या बैलगाडीला डावे-उजवे नव्हतेच. गाडीवान धुरेवर मधोमध बसतो. त्याला दोन्ही चाके सारखी. गाडी रस्त्याच्या मध्यावर पडलेल्या चाकोरीतून चालायची. समोरून गाडी आली की जिची ओझी हलकी किंवा जिच्या बाजूला उतार कमी, ती बाजूस होई. दोन गाडीवानांत तोंडातोंडी निवाडा होई, कधी शिव्यागाळी होई, आणि वाट पुन्हा मोकळी होई. बैलाच्या चालीने चालणाऱ्या जगात एवढे पुरेसे होते. मोटार आल्यावर मात्र ते पुरेना. ताशी तीस-चाळीस मैलांनी समोरासमोर येणाऱ्या दोघांना बोलावयास वेळ कोठला? त्यांची बोलणी आधीच झालेली असावी लागतात. नियम म्हणजे आधी झालेली बोलणी, दुसरे काय?

आता आपल्या मराठवाड्याकडे वळते. 'जालना सोने का पालना' म्हणविणारे आपले हे शहर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे बहुतेक सारे वेगळे होते. कारभाराची भाषा उर्दू. नाणे हाली शिक्का, त्यावर चारमिनारचे चित्र. इंग्रजी मुलुखातला 'कलदार' रुपया त्याहून महाग. आपल्या शेजारचे देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणजे वऱ्हाडातले, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे. म्हणजे जालन्याहून देऊळगावास जाताना नाणे बदले, कचेरीची भाषा बदले, अंमल बदले. पण रस्त्याची बाजू बदलली नाही. इकडेही डावी आणि तिकडेही डावी.

निजामाने ठरविले असते तर उजवी बाजू करता आली नसती का? हुकूम काढावयास कोण अडविणार होते? पण संस्थानाच्या चारी दिशांना डावीकडून चालणारा मुलूख होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. त्यांत अल्बियन या ब्रिटिश बनावटीच्या गाड्या होत्या, आणि डावीकडून चालणाऱ्या देशात बनलेल्या गाडीचे सुकाणूचक्र उजवीकडे असते. नाणे वेगळे ठेविले तर सराफाचे दुकान चालते. रस्त्याची बाजू वेगळी ठेविली तर नाक्यावर रोज मढी पडतील.

दोन नियम एकाच जागी भिडले म्हणजे काय होते, याचा अनुभव जालन्याच्या लोकांनी रस्त्यावर नव्हे, तरी रुळांवर भरपूर घेतला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी जी रेल्वे आपल्याकडून गेली, ती मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांतले अंतर एक मीटर. मनमाडला मुंबईची गाडी मिळे ती ब्रॉड गेजची. तिच्या रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे इकडचा डबा तिकडे जाईना. कापसाच्या गाठी हमालांनी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावयाच्या, आणि मुंबईकडे निघालेल्या बाईने कडेवर मूल व हातात ट्रंक घेऊन फलाट बदलावयाचा. मी स्वतः हे कितीदा केले आहे! १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद झाला, तेव्हा कोठे ही ओढाताण संपली. रुळाचे माप ठरविणारे दूर कचेरीत बसले होते. ओझे वाहिले ते हमालाने आणि लेकुरवाळीने. हे आपण लक्षात ठेवू या, पुढे त्याचे काम पडेल.

कोणी म्हणेल, निजाम हा इंग्रजांचा मांडलिक. तो त्यांच्याहून वेगळे काय करणार? ठीक आहे. मग इंग्रजांचा अंमल जेथे नव्हता असा आपला गोवा घेऊ. गोव्यावर साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांचे राज्य होते. पोर्तुगालमध्ये १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी घेण्यात आली. त्याप्रमाणे आफ्रिकेतील अंगोला या त्यांच्या वसाहतीनेही बदल केला, कारण तिच्या शेजारचा बेल्जियन काँगो उजवीकडचा होता. परंतु गोव्याने बदल केला नाही. मोझांबिकने केला नाही, आणि चीनच्या किनाऱ्यावरील मकावनेही केला नाही. राजा एक, कायदा एक, आणि रस्त्याच्या बाजू मात्र दोन! कारण उघड आहे. मोझांबिकला लागून डावीकडून चालणाऱ्या इंग्रजी वसाहती, मकावच्या जवळ इंग्रजांचे हाँगकाँग, आणि गोव्याला तर रत्नागिरी, सावंतवाडी, बेळगाव, कारवार यांचा वेढा. सावंतवाडीची लेक पेडण्यास दिलेली, पेडण्याची सून बांद्याची. पोटापाण्याचे आणि सोयरिकीचे सारे रस्ते सीमा ओलांडून जाणारे. लिस्बनचा हुकूम मोठा खरा. पण सीमेच्या नाक्यावर तो शेजाऱ्यापेक्षा लहान ठरला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. निशाण बदलले, पोस्टाची तिकिटे बदलली, नाणे बदलले. रस्त्याची बाजू तेवढी बदलावी लागली नाही. पोर्तुगीज अमदानीत बाकी काहीही झाले असो, त्या एका बाबतीत गोवा आधीपासूनच शेजाऱ्यांबरोबर चालत होता.

ज्यांनी शेजाऱ्यांशी न जुळणारी बाजू धरून ठेविली, त्यांना पुढे ती सोडावी लागल्याची उदाहरणेही आहेत. स्वीडन हा देश डावीकडून चाले, आणि त्याच्या सीमेवरील नॉर्वे व फिनलंड उजवीकडून. शिवाय स्वीडनमधील बहुतेक मोटारींचे चक्र डावीकडे होते; त्यामुळे पुढच्या गाडीला मागे टाकताना चालकाला समोरचे दिसत नसे. १९५५ साली लोकांचे मत घेतले, तर शंभरांतले सुमारे त्र्याऐंशी 'बदल नको' म्हणाले. सवय किती चिवट असते पाहा! जुवाच्या डाव्या अंगाला वागलेला बैल उजव्या अंगाला जुंपला की कसा बिथरतो, हे आपणांस ठाऊक आहेच. तरीही सरकारने तयारी केली, घरोघर माहिती पोचविली, दुधाच्या खोक्यांवरदेखील नव्या दिवसाचे चिन्ह छापले. ३ सप्टेंबर १९६७ रोजी, रविवारी पहाटे, रस्त्यावरील वाहने थांबविण्यात आली, सावकाश दुसऱ्या बाजूस नेण्यात आली, आणि पाच वाजता देश उजवीकडून चालू लागला. मौज अशी की, पुढे काही काळ अपघात कमी झाले, कारण जो तो जपून चालवीत होता. लोक सरावले, आणि अपघातही पुन्हा पूर्वीच्या संख्येला आले. माणसे वाचली ती उजव्या बाजूने नव्हे, सावधपणाने.

याच्या उलट, पॅसिफिक महासागरातील सामोआ या छोट्या बेटांच्या देशाने २००९ साली उजवी बाजू सोडून डावी घेतली. सामोआची कितीतरी माणसे ऑस्ट्रेलियात व न्यूझीलंडमध्ये पोटासाठी गेलेली. ते दोन्ही देश डावीकडचे. तिकडे स्वस्तात मिळणारी वापरलेली मोटार घरच्यांना पाठविता यावी, हे या बदलामागचे मोठे कारण होते. या देशाला जमिनीवर शेजारी नाही. पण लेकरे जेथे गेली तोच त्याचा शेजार झाला.

तेव्हा माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपली बाजू डावी का? कारण इंग्लंडातील गाडीवानाच्या सोयीने पडलेली चाल इंग्रजांबरोबर येथे आली, मोटारींनी ती पक्की केली, आणि शेजारपाजार तसाच असल्याने संस्थाने काय किंवा गोवा काय, कोणालाही निराळे वागणे परवडले नाही. डावी बाजू उजवीहून चांगली आहे म्हणून नव्हे. समोरासमोर येणाऱ्या दोघांनी एकच मानली म्हणून ती चांगली.

पण याच उत्तरातून दुसरे उत्तर निघाले, आणि ते मला बोचले. हा नियम कोणामध्ये झाला? वाहनावाहनांमध्ये. पेन्सिल्व्हेनियात गाडे हाकणारे, इंग्लंडात घोडागाडीवाले, नंतर मोटारवाले. आपल्या देशातही १९८९ चे रस्त्याचे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०१७ चे नियम डावीकडे राहावयास सांगतात ते वाहनचालकाला. दोन गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून झालेली ही बोलणी. डोक्यावर भारा घेतलेली बाई त्या बोलण्यांत नव्हतीच. वाहनांचा नियम उचलून आम्ही शिक्षकांनी तो तिच्या पायांना बांधला. मनमाडच्या फलाटासारखेच झाले : माप एकाचे, ओझे दुसऱ्याचे.

विचार करून पाहा. वाहने डावीकडून जातात. आपणही डावीकडून चालू लागलो, तर आपल्या अंगाला लागून जाणारे प्रत्येक वाहन आपल्या पाठीमागून येते. रिकाम्या हाताने चालणारा निदान मागे वळून पाहील. डोक्यावर भारा किंवा हंडा असलेली बाई मान कशी वळविणार? उलट, ती रस्त्याच्या उजव्या कडेने चालली, तर तिच्या बाजूचे वाहन समोरून येईल. तिला ते दिसेल, आणि वेळ आलीच तर ती भारा टाकून बाजूस उडी मारील. ब्रिटन हा डावीकडून चालणारा देश. तेथील रस्त्याच्या नियमांचे सरकारी पुस्तकही पादचाऱ्याला हाच सल्ला देते की, पदपथ नसेल तेथे उजव्या बाजूने, वाहनांना सामोरे होऊन चालावे. ज्यांच्याकडून आपण डावी बाजू घेतली, त्यांच्याकडून ही अर्धी गोष्ट घ्यावयाची राहून गेली.

आपल्या जिल्ह्याचे रस्ते आता पूर्वीचे राहिले नाहीत. जालना व बदनापूर तालुक्यांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला आहे. तेथे दुभाजक आहे, कुंपण आहे, आणि पायी चालणाऱ्याला मज्जावच आहे. पण आपल्या बायका चालतात त्या अंबड, भोकरदन, मंठा, परतूर यांकडे जाणाऱ्या व गावोगावच्या रस्त्यांवर. तेथे पदपथ नाही, दिवा नाही, आणि वाहनांचा वेग मात्र वाढलेला. मोसंबीच्या, कापसाच्या, उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर त्याच रस्त्याने धावतात.

म्हणून मंडळापुढे माझी विनंती आहे. हळदीकुंकवाला जमलो की दहा मिनिटे या गोष्टीला द्यावीत. जेथे पदपथ आहे तेथे पदपथावरून चालावे. जेथे नाही तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून, एकीमागे एक चालावे. दोघी-तिघींनी शेजारी शेजारी गप्पा मारीत चालू नये. उजवीकडे आंधळे वळण असेल तर तेवढ्यापुरते पलीकडे जावे व पुन्हा परत यावे. दिवेलागणीनंतर भाऱ्यावर पांढरे फडके बांधावे, म्हणजे चालकाला लांबून दिसेल. सायकल किंवा स्कूटी चालविणाऱ्या मुलींनी मात्र डावीच बाजू धरावी, कारण ते वाहन आहे. हा फरक त्यांना नीट समजावून सांगावा. नाहीतर माझ्यासारखी चूक उलट्या बाजूने व्हावयाची.

गेल्या संक्रांतीला माझी ती विद्यार्थिनी घरी तिळगूळ द्यावयास आली होती. मी तिला हे सारे सांगितले, आणि माझे चुकले असेही म्हटले. ती म्हणाली, "बाई, तुम्हांला तरी कुठं कोणी सांगितलं होतं?" मग थोडे थांबून म्हणाली, "माझ्या नातीला सांगते. ती शाळेत पायी जाते." फाटकापर्यंत मी तिला पोचविले. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेली आणि समोरून येणाऱ्या टेंपोकडे पाहत, पाय ओढीत, सावकाश चालू लागली.